रिचमंडमध्ये गाडी न घेता: वर्षभराच्या बसप्रवासानंतर

व्हर्जिनियातल्या रिचमंडला माझी नोकरी ठरली तेव्हा इथल्या ओळखीच्या सगळ्यांनी सांगितलं, आधी गाडी बघा, घराचं नंतर. आम्ही घर आधी बघितलं आणि गाडी घेतलीच नाही. त्याला आता वर्ष उलटून गेलं. मी रोज बसने कामाला जाते, भाजी-किराणा बसने येतो आणि मधले काही महिने साताऱ्याहून आलेली माझी आईसुद्धा बसनेच फिरली. नव्याने येणारी मराठी मंडळी अधूनमधून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. रिचमंडमध्ये गाडीशिवाय राहता येतं, आणि सुखाने राहता येतं. फक्त घर बसचा रस्ता धरून घ्यावं लागतं. ब्रॉड स्ट्रीटपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहिलात तर तुमचं सगळं सुरळीत चालेल. चार मैल पलीकडे स्वस्तात मोठं घर मिळालं म्हणून गेलात, तर पुढे लिहिलेलं बहुतेक काहीच तुमच्या उपयोगाचं नाही.

ब्रॉड स्ट्रीटवरून धावणारी पल्स ही इथली मुख्य बस. जून 2018 मध्ये ती सुरू झाली. पश्चिमेला विलो लॉन, पूर्वेला नदीकाठचं रॉकेट्स लँडिंग, मधलं अंतर 7.6 मैल आणि स्थानकं 14. कल्पना पुण्याच्या बीआरटीचीच आहे: मधल्या टप्प्यात रस्त्याच्या मध्यभागी बसला राखीव लेन, बसच्या दाराला लागेल असा उंच फलाट, आणि बस चौकाशी आली की हिरवा दिवा थोडा जास्त वेळ राहील अशी सोय. कात्रज-हडपसरच्या राखीव लेनमध्ये घुसलेल्या दुचाक्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना इथली मोकळी लेन बघून फार बरं वाटेल. दिवसा साधारण दहा-पंधरा मिनिटांनी बस असते आणि पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चालू असते. माझी प्रयोगशाळा व्हीसीयू या विद्यापीठाच्या मेडिकल कॅम्पसवर आहे, घर क्लीव्हलँड स्थानकाजवळ. वेळापत्रक मी बघतच नाही. निघायचं आणि पुढची बस पकडायची. बसवर विसंबून राहता येतं की नाही, हे माझ्या मते इथेच ठरतं. अंतर कितीही असो, पुढची बस लवकर येणार असेल तर माणूस निर्धास्त असतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तिकीट नाही. जीआरटीसी ही इथली बससेवा. तिचं भाडं दीड डॉलर होतं. मार्च 2020 मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, चालकाजवळ गर्दी होऊ नये म्हणून ते बंद केलं, आणि ते पुन्हा सुरू झालंच नाही. राज्य सरकारचं अनुदान, शहर आणि विद्यापीठ यांच्या मदतीवर हा मोफत प्रवास चाललाय. यावर इथे वाद आहे. काही जण म्हणतात, भाडं घ्या आणि त्या पैशातून बस वाढवा. मला तो युक्तिवाद पटत नाही. महामारीनंतर अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत बसचे प्रवासी आधीपेक्षा कमीच राहिले, इथले मात्र आधीपेक्षा वाढले. शिवाय फुकट असण्याचा खरा फायदा पैशांत मोजताच येत नाही. कार्ड नको, ॲप नको, सुटे पैसे नकोत. पाऊस आला की दोन थांब्यांसाठीसुद्धा चढावं. चुकीच्या बसमध्ये बसलो तर उतरावं, नुकसान काही नाही.

हे मला सगळ्यात नीट कळलं ते आई आल्यावर. इथल्या उपनगरांत राहणाऱ्यांकडे आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात ते कसे राहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. घर मोठं, परसात हिरवळ, फ्रीज भरलेला, आणि सोमवार ते शुक्रवार दाराबाहेर पाऊल नाही. आयुष्यभर स्वतः एसटीने फिरलेली माणसं शनिवारी कोणी तरी मॉलला नेईल म्हणून वाट बघत बसतात. आईचं तसं होऊ नये एवढंच माझ्या मनात होतं.

पहिला आठवडा मी तिच्याबरोबर गेले. मग एकदा विचारलं, "आई, एकटी जाशील का गं?" ती म्हणाली, "अगं, स्वारगेटला उतरून मुंबईची गाडी शोधणारी बाई मी. इथे तर एकच रस्ता आहे." तिने खूण पक्की केली होती. परत येताना उजव्या हाताला सायन्स म्युझियमचा मोठा घुमट दिसतो. ती इमारत म्हणजे 1919 सालचं जुनं रेल्वे स्टेशन आहे. घुमट दिसला की पुढचं स्थानक आपलं. बसमधली घोषणा कळो न कळो, घुमट काही चुकत नाही. दुपारी ती मेडिकल सेंटरला उतरायची, आम्ही डबा बरोबर खायचो. नंतर ती कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, आवारात बाकावर बसायची, नाहीतर म्युझियममध्ये जायची. व्हर्जिनिया म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे, वर्षाचे 365 दिवस उघडं असतं आणि कायमचं दालन बघायला पैसे लागत नाहीत. तिथला भारतीय शिल्पांचा संग्रह बघायला ती पुन्हा पुन्हा गेली.

बसमध्येही तिच्या ओळखी झाल्या. रिचमंड दक्षिणेतलं शहर आहे आणि ते बसमध्ये जाणवतं. चढणारा चालकाला नमस्कार करतो, उतरणारा मागच्या दारातून मोठ्याने "थँक यू" म्हणतो, अगदी गर्दीच्या वेळीही. हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतल्या नर्स, पाठीवर पिशव्या घेतलेली कॉलेजची मुलं, हॉटेलात काम करणारी माणसं, रविवारी टोपी घालून चर्चला निघालेल्या वयस्कर कृष्णवर्णीय बायका. त्यांपैकी एकीने आईला खिडकीची जागा दिली आणि "बेबी, यू सिट हिअर" म्हणाली. पुढे ती दिसली की आई तिला भाजलेले शेंगदाणे द्यायची.

एकदा व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ चढले. चालक जागेवरून उठला, उतरती फळी टाकली, पुढच्या सीट दुमडल्या, खाली वाकून चारही बाजूंचे पट्टे अडकवले, हलवून खात्री केली आणि मगच निघाला. चार-पाच मिनिटं गेली असतील. कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी चुकचुकलं नाही. आई घरी येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होती.

आता अडचणींकडे वळते. विलो लॉनला पल्स संपते. तिथून पुढे ब्रॉड स्ट्रीटवरूनच 19 नंबरची बस शॉर्ट पंपपर्यंत जाते. आपली भारतीय दुकानं, उडप्याची हॉटेलं, बहुतेक मराठी घरं त्या बाजूला, हेन्रायको काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) आहेत. 19 पल्सइतकी वारंवार नाही, त्यामुळे तिथे वेळापत्रक बघावंच लागतं. पण त्याहून मोठी अडचण रस्त्याची आहे. शहरात झाडांच्या सावलीत फूटपाथवरून चालता येतं. तिकडे तोच ब्रॉड स्ट्रीट सहा-आठ लेनचा होतो, गाड्या सुसाट जातात, आणि बरेच थांबे म्हणजे गवतात रोवलेला नुसता खांब. थांब्यापासून दुकानापर्यंत फूटपाथ मध्येच संपतो, मग पार्किंगच्या कडेकडेने चालायचं. कणकेची वीस पौंडांची पिशवी, तूरडाळ आणि कढीपत्ता दोन चाकांच्या ढकलगाडीत घालून मी हा रस्ता जुलैच्या उन्हात ओलांडते, तेव्हा सिग्नलला उभ्या गाड्यांतले लोक बघत राहतात. थांब्यांवर बाकडी आणि छपरं बसवण्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे आणि फरक दिसतोय. पण फूटपाथ नसेल तर छपराचा उपयोग अर्धाच.

याचं कारण समजून घेतलं की शहर कळतं. व्हर्जिनियात शहर आणि काउंटी हे एकमेकांपासून पूर्ण वेगळे कारभार आहेत. रिचमंड शहराची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 2 लाख 26 हजार. शेजारच्या हेन्रायको आणि चेस्टरफील्ड या काउंट्या त्याहून मोठ्या. शहराची हद्द संपली की बस पुढे न्यायची का, हे काउंटी ठरवते. 19 नंबर शॉर्ट पंपला पोचली ती 2018 मध्ये. तिथला मोठा मॉल उघडला होता 2003 मध्ये. म्हणजे मधली पंधरा वर्षं त्या मॉलमध्ये काम करणाऱ्याकडे गाडी असणं जवळजवळ सक्तीचं होतं. चेस्टरफील्डमध्ये तर 2020 पर्यंत नेहमीची स्थानिक बस नावालाच होती. त्याच वर्षी शहर आणि भोवतालच्या काउंट्यांचं मिळून एक वाहतूक प्राधिकरण झालं आणि त्याच्या उत्पन्नातला 15 टक्के वाटा बसला मिळू लागला. त्यानंतरच उपनगरांकडे बस वाढल्या आहेत.

वाईट याचं वाटतं की हे सगळं कधीकाळी इथे होतं. विजेवर चालणारी ट्राम मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली ती याच शहरात, 1888 मध्ये, फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने. मुंबईत विजेची ट्राम आली 1907 मध्ये. रिचमंडने आपल्या ट्राम 1949 मध्ये बंद केल्या, पुढच्या दशकात हायवे बांधला आणि तो जॅक्सन वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या भरभराटीच्या वस्तीतून आरपार नेला. आज ज्या वस्त्यांत गाडीशिवाय राहणं सोपं जातं, फॅन किंवा गिंटर पार्कसारख्या, त्या ट्रामच्या काळात वाढलेल्या आहेत. म्हणून तिथे घरं रस्त्याला लागून, दुकानं कोपऱ्यावर आणि फूटपाथ सलग.

पैशांचं थोडक्यात. एएए या वाहनचालकांच्या संस्थेच्या हिशोबाने अमेरिकेत नवी गाडी बाळगायला वर्षाला 12,000 डॉलरच्या आसपास खर्च येतो. त्यात व्हर्जिनियात गाडीच्या किमतीवर दरवर्षी कर भरावा लागतो. रिचमंडचा दर 100 डॉलरला 3.70. आमचं घरभाडं उपनगरापेक्षा जास्त आहे, जागा लहान आहे, तरी हिशोब बसतोच आणि वर बरंच उरतं. डोंगरात जायचं असलं की आम्ही दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतो. वॉशिंग्टनला जायचं तर पल्सने मेन स्ट्रीट स्टेशन आणि तिथून ॲमट्रॅकची रेल्वे.

पैशांत न दिसणारी एक किंमत मात्र आहे. मंदिर, गणपती, हळदीकुंकू, कोणाच्या मुलाचं बारसं, सगळं ग्लेन ॲलन नाहीतर शॉर्ट पंपकडे. संध्याकाळी उशिरा तिथून बसने परतणं अवघड. मग कोणाला तरी म्हणावं लागतं, "दादा, जाताना आम्हाला सोडाल का?" आणि दादा सोडतात, वहिनी वरून डबाही देतात, पण त्यांची वाट वाकडी होते. आम्ही दिवसाच्या कार्यक्रमांना आवर्जून जातो, रात्रीचे काही सोडतो. ज्यांना दर शनिवार-रविवारी मंडळींत रमायचंय, त्यांनी याचा आधी विचार करावा. लहान मुलांची शाळा, पाळणाघर, शिकवण्या अशी धावाधाव असेल तरीही. दोघांत एक गाडी आणि बाकी सगळं बसने, हा मार्ग अशा घरांना जास्त जमेल असं मला वाटतं. दुसऱ्या गाडीचा खर्च वाचला तरी खूप झालं.

पल्स पश्चिमेकडे वाढवायची योजना आहे, उत्तर-दक्षिण अशीच दुसरी मोठी बस आणायचीही. ती झाली तर शॉर्ट पंपकडच्या कितीतरी आजी-आजोबांना घराबाहेर पडता येईल. पण योजनेवर भरवसा ठेवून आज घर घेऊ नका. आज जिथे बस आहे तिथे घ्या. कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, दोन्ही वेळा बस किती वेळाने येते ते आधी बघा, कारण रविवारी बऱ्याच बस विरळ होतात. आणि घर बघायला जाल तेव्हा त्याच बसने जा, परतीची बस रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने पकडा. तो रस्ता हातात पिशवी घेऊन, आईला बरोबर घेऊन ओलांडता येतो का, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.