इंटरपॉइंट एम्बॉसर: एक पावसाळा काढल्यानंतर

वेग, वजन, आवाज हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते पुन्हा लिहीत नाही. टेबलावर बसणारा, कागदाच्या दोन्ही बाजूंनी ब्रेलचे ठिपके उठवणारा (यालाच इंटरपॉइंट म्हणतात), घडीचा सलग कागद घेणारा आयात एम्बॉसर, म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र आहे. मे महिन्यात साडेचार तारे दिले असते, जुलैत एक. आता साडेतीनवर स्थिर आहे, आणि कापलेले तारे बहुतेक सगळे कागदापायी गेलेत.

तक्रार एकच: पावसाळ्यात ठिपके दबून खाली बसतात. चांगला ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो. तो थोडा दबला तरी डोळ्याला कळत नाही, बोटाला मात्र लगेच कळतं. ब्रेलमध्ये अक्षर सहा क्रमांकित ठिपक्यांतल्या काहींनी बनतं: ‘ताप’मधला त म्हणजे २-३-४-५. पाचवा ठिपका बसला की उरतो स, आणि मूल ‘साप’ वाचतं. ‘पाट’मधल्या प चा चौथा गेला की ‘लाट’. नवशिक्या वाचकाला अशी चार पानं दिली, की त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही, आणि पुस्तक बाजूला पडतं.

सर्व्हिसवाल्यांचं निदान ठरलेलं: हातोड्यांचा (कागदावर ठिपके ठोकणाऱ्या भागांचा) ब्लॉक बदला. कोटेशन वाचून घाम फुटला, कारण वार्षिक करारात हातोडे ‘झिजणारा भाग’ म्हणून आधीच वगळलेले. पैसे देण्याआधी एक चाचणी जरूर करा. तीच फाइल एकदा फळीवर उघड्या पडलेल्या कागदावर आणि एकदा सीलबंद गठ्ठ्यातल्या कागदावर काढा. दुसऱ्यावर ठिपके टणक उठले तर ब्लॉक ठणठणीत आहे. इथे तसेच उठले. (कोटेशन अजून फाइलीत आहे, राहू दे.)

दमट हवेत कागदाचे तंतू मऊ पडतात, त्यामुळे उठलेला ठिपका गठ्ठ्याच्या दाबाखाली तग धरत नाही. शिवाय कागद रुंदीत फुगतो. इंटरपॉइंटमध्ये मागचे ठिपके पुढच्यांच्या मधल्या जागेत बसवलेले असतात, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतरच जेमतेम अडीच मिलिमीटर. कागद किंचित सरकला तरी मागचा हातोडा पुढचा ठिपका चेपतो. फुगलेल्या कडेच्या पट्टीची भोकं ट्रॅक्टरच्या (कागद ओढणाऱ्या पट्ट्याच्या) पिनांवर चढतात ते वेगळंच. एक पान तिरकं गेलं की पुढची सगळी तिरकी.

उपाय स्वस्त आहे. गठ्ठे जमिनीवर नाही, लाकडी फळीवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे. छापायचा गठ्ठा आदल्या दिवशी यंत्राच्याच खोलीत आणायचा, आणि खोलीत एसी ड्राय मोडवर. एक साधा हायग्रोमीटर घ्या: आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर इंटरपॉइंट बंद, एका बाजूनेच छापा. कागद १४० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) जाडीचा. १२० चा स्वस्त पडतो म्हणून घेतला तर पावसाळ्यात सगळी बचत रद्दीत जाते.

बाकी यंत्रावर खूश आहे. छापील २०० पानांचं मराठी पुस्तक ब्रेलमध्ये साधारण साडेपाचशे पानांवर जातं. दोन्ही बाजू वापरल्या की २७५ कागद, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास, नाहीतर थेट दुप्पट. हा हिशेब रोजचा आहे, म्हणून एवढं सगळं सहन करायचं. बालवाचनाची पुस्तकं मात्र काटकसर सोडून एकाच बाजूने, एक ओळ सोडून छापा. कोवळ्या बोटांना मागच्या बाजूचे खळगे गोंधळात टाकतात.

मजकुराच्या ब्रेलमध्ये रूपांतराला लिबलुईस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. प्रकाशकाची फाइल युनिकोडपूर्व फाँटातली असेल तर बदलून झाल्यावर ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ शोधून तपासा, बहुतेक घोटाळे तिथेच निघतात. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत) हलन्ताचा ठिपका ४ अक्षराच्या आधी येतो, तो नंतर पडलेला दिसला तर लिबलुईसमधलं भाषेचं रूपांतर-टेबल चुकीचं लागलंय. मुद्रितशोधन बोटांनीच: एकाने ब्रेल वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रत धरायची.

बांधणीवाल्याला बजावा: शिकंज्यात दाबायचं नाही, खंडात ८० च्या वर कागद नकोत, आणि पाठीकडे पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे पाठीची जाडी ठिपक्यांच्या जाडीइतकी होते. आमच्या बांधणीवाल्याला हे दर खंडाला नव्याने सांगावं लागतं.