कागदी कार्डं, एक फोन आणि विजेचा धडा : वर्षभर वापरून झाल्यावर

बडोद्यात मांडवीच्या जवळ एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी दहावीला विज्ञान आणि आठवीला गणित शिकवते. घरी मराठी, वर्गात गुजराती आणि स्टाफरूममध्ये दोन्ही, असा इथल्या बऱ्याच मराठी शिक्षकांचा दिवस असतो. गेलं अख्खं शैक्षणिक वर्ष, जूनमध्ये शाळा उघडल्यापासून परीक्षेपर्यंत, मी काही डिजिटल साधनं वर्गात नेटाने वापरली. त्यातली दोन कायमची राहिली, एक ठरावीक कामापुरतं राहिलं, बाकीची मी बाजूला ठेवली. शाळा अशा गोष्टींवर पैसे घालायच्या बेतात असेल, तर त्याआधी हे वाचून उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

राहिलेल्यांपैकी पहिलं प्लिकर्स. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल तर बीची बाजू वर येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा सावकाश फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. मुलांकडे फोन नको, टॅब नको, इंटरनेट लागतं ते फक्त मला. कार्डांचा नेहमीचा संच ४० चा असतो आणि मोठा ६३ चा. आमच्या भरगच्च वर्गाला मोठाच लागतो. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून आपलं कार्ड फिरवण्यात काही हशील नसतं, आणि हे मुलांच्या लवकर लक्षात येतं.

दुसरं साधन फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. विज्ञान-गणिताची १५० हून अधिक सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, सगळी मोफत. नव्या पद्धतीचं प्रत्येक सिम्युलेशन एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतं आणि मग ते इंटरनेटशिवाय साध्या ब्राउजरमध्ये चालतं. माझी सगळी पेनड्राइव्हवर आहेत. मराठी, गुजराती, हिंदी रूपंही मिळतात, पण प्रत्येक सिम्युलेशन प्रत्येक भाषेत असेलच असं नाही, म्हणून आधी बघून ठेवावं.

ही दोन साधनं एकमेकांना जोडून वापरली तेव्हा खरा फरक पडला, आणि तो दहावीच्या विजेच्या धड्यात सगळ्यात स्पष्ट दिसला. एकसर जोडणी (एकाच वाटेवर एकामागे एक) आणि समांतर जोडणी (वेगवेगळ्या वाटांवर) शिकवून झाली होती, ओहमच्या नियमावरची गणितं मुलांनी सोडवली होती. मग मी फळ्यावर एक सेल आणि एकसर जोडलेले दोन अगदी सारखे बल्ब काढले. कोणता बल्ब जास्त प्रकाशेल? सेलच्या धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, दोन्ही सारखे, की सांगता येणार नाही? कार्डं वर झाली. अर्ध्याहून जास्त वर्गाने धन टोकाजवळचा बल्ब निवडला होता. नियम घडाघडा म्हणून दाखवणारी, गणितं बिनचूक सोडवणारी पुढच्या बाकांवरची मुलंसुद्धा त्यात होती.

यामागचा समज जगभरच्या वर्गांत सापडतो: विजेची धारा, म्हणजे करंट, पहिल्या बल्बात थोडी खर्च होते आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. गणित सोडवताना हा समज आड येत नाही, कारण तिथे सूत्रात आकडे घातले की काम होतं. लेखी परीक्षेतही तो लपून राहतो. हात वर करायला सांगितलं असतं तर नेहमीच्या चार-पाच मुलांपैकी कोणीतरी "सारखे" म्हटलं असतं आणि मी पुढे गेले असते. वर्षानुवर्षं असंच होत आलं असणार.

उत्तर लगेच सांगायचं नाही, हा भाग महत्त्वाचा. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत रुजवली: आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. तोवर कोणत्या उत्तराला किती मुलं हे दाखवणारा आलेख मी झाकून ठेवते, नाहीतर मुलं बहुमताकडे झुकतात. त्या दिवशी वर्गात जो गलका झाला तो मला फार मोलाचा वाटतो. "बेन, पहेला बल्बमां करंट वपराई जाय ने?" "अरे, वपराई जाय तो पाछो सेलमां शुं आवे?" करंट पहिल्या बल्बात वापरला जात असेल तर सेलमध्ये परत काय येणार, हा दुसरा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. तो एका मुलाने दुसऱ्याला विचारला. पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा "दोन्ही सारखे"कडे बरीच मुलं सरकली होती, पण सगळी नव्हती.

मग फेटचं सर्किट कन्स्ट्रक्शन किट उघडलं. पडद्यावर तेच मंडल (सर्किट) जोडलं आणि धारा मोजणारा ॲमीटर आधी पहिल्या बल्बाच्या अलीकडे, मग दोन बल्बांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे लावून बघितला. तिन्ही ठिकाणी आकडा तोच. तारेतून फिरणारे इलेक्ट्रॉनही सगळीकडे एकाच गतीने सरकताना दिसतात. ज्यांनी अंदाज बांधून त्यावर भांडण केलं होतं ती मुलं आकड्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं नुसतं प्रात्यक्षिक दाखवताना मी कधी पाहिलेलं नाही.

इथे थांबले असते तर काम अर्धवट राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी टॉर्चचे खरे बल्ब आणि खरे सेल आणले. आणि खऱ्या मंडलात एक बल्ब दुसऱ्यापेक्षा जास्त उजळला, तोही नेमका धन टोकाजवळचा! आदल्या दिवशी हरलेली बाजू उसळून उठली. मी विचारलं, आता काय करून बघू या? थोड्या वेळाने एका मुलीने सुचवलं, बल्बांच्या जागा बदलू या. बदलल्या. उजळ बल्ब आता ऋण टोकाजवळ गेला आणि तिथेही तोच जास्त उजळ राहिला. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बांचा होता. बाजारात एकाच छापाचे म्हणून मिळणारे दोन बल्बही तंतोतंत सारखे नसतात. सिम्युलेशनमध्ये बल्ब आदर्श असतात, तारांना मुळात रोध नसतो, सेल उतरत नाही. तारेची रोधकता आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवायची सोय त्यात आहे आणि ती वापरावी, पण खऱ्या तारा मुलांच्या हातात द्यायलाच हव्यात. पडदा खऱ्या प्रयोगाच्या जागी आणणाऱ्या शाळा मुलांचं नुकसान करतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

संगणक कक्षात एका यंत्रावर दोन-तीन मुलं बसवून फेट द्यायचं असेल तर एक अनुभव: या किटमध्ये शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीवर ज्वाळा दिसतात. मुलांना हे पाच मिनिटांत सापडतं आणि मग सगळा वर्ग आग लावत बसतो. मी आता सुरुवातीची काही मिनिटं त्यासाठीच देते आणि त्यातूनच विचारते की इथे धारा इतकी का वाढली.

आमच्याकडे एका कंपनीचं स्मार्ट क्लासचं पॅकेजही आहे. आवाज गोड, चित्रं सुरेख, वर्ग शांत. मी दुसऱ्या तुकडीला त्यातला विजेच्या धड्याचा चित्रपट पूर्ण दाखवला आणि लगेच तोच दोन बल्बांचा प्रश्न कार्डांवर विचारला. चुकीचा समज जवळजवळ जसाच्या तसा होता. मुलांनी चित्रपट लक्ष देऊन पाहिला होता, त्यातली वाक्यंही त्यांना आठवत होती. पण त्यांच्या मनातल्या कल्पनेला चित्रपटाने हात लावला नव्हता, कारण ती कल्पना काय आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

दाखवून शिकवणं बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, आणि त्याच ग्रंथालय खात्यात मॅजिक लँटर्न आणि सिनेमा दाखवणारी दृश्य-शिक्षणाची शाखाही होती. ज्या गावकऱ्याने आगबोट कधी पाहिलेली नाही त्याला ती पडद्यावर दिसणं केवढी मोठी गोष्ट असेल! आजच्या मुलाला चित्रांची वाण नाही. त्याला काय वाटतं हे विचारणारं कोणी मिळत नाही, आणि पैसा तिथे घालायला हवा. कार्डांच्या छपाईला मात्र पैसा असा लागतच नाही.

जिओजेब्रा हे ठरावीक कामापुरतं राहिलेलं साधन. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला शिकत असताना तयार केलेलं हे सॉफ्टवेअर भूमितीसाठी उत्तमच आहे. आठवीला चौकोनाच्या कोनांची बेरीज शिकवताना मी शिरोबिंदू ओढत राहते, कोन बदलत राहतात, बेरीज ३६० अंशच राहते. पण त्यात एक धोका आहे. पडद्यावर दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं मुलं धरून चालतात, आणि कर्ण काढून दोन त्रिकोण करायची गरज त्यांना वाटेनाशी होते. यावर मला एक चांगला उपाय मिळाला. कोनांची मापं दशांश चिन्हाशिवाय दाखवायची आणि मुलांना ती वहीत उतरवून बेरीज करायला सांगायची. कधी ३५९ येते, कधी ३६१. "बेन, संगणक चुकला!" मग पूर्णांकात आणताना काय होतं ते बोलता येतं, आणि मोजून कधीच खात्री होत नाही तर कशाने होईल, हा प्रश्न आपोआप वर येतो. तिथून पुढे खडू आणि फळा.

कहूट हा ॲपवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ थोडे दिवस वापरून सोडला. त्यात प्रत्येकाच्या हातात यंत्र लागतं, आणि नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. उजळणीसाठी, सुट्टीच्या आधीच्या तासाला ठीक. पण मला विचार करायला वेळ घेणारं मूल हवं आहे आणि या खेळात तेच मागे पडतं. दीक्षावरचं साहित्य, म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी मंचावरचं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतं. गैरहजर राहिलेल्या मुलांना मी ते सांगते. घरचा गृहपाठ मात्र मी कोणत्याही ॲपवर देत नाही. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री उशिरा परत येतो.

प्लिकर्स सुरू करणाऱ्यांसाठी वापरातल्या काही गोष्टी. कार्डं जाड पण मंद पृष्ठाच्या कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. बोटं काळ्या भागावर येऊ देऊ नयेत. कार्डाचा क्रमांक हाच हजेरीचा क्रमांक ठेवला की वाटप मुलंच करतात. मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण एका तासात दोन चांगले प्रश्न पुरे होतात, तिसऱ्याला वेळच नसतो. पावसाळ्यात लाइट गेली आणि प्रोजेक्टर बंद पडला तरी प्रश्न फळ्यावर लिहून फोनवर काम भागतं. नवरात्रात, रात्री गरबा खेळून पहिल्या तासाला पेंगत आलेल्या वर्गाला जागं करायलाही मी हाच उपाय करते.

ॲपमध्ये मी मुलांची नावं घातलेली नाहीत, फक्त क्रमांक. नावांची यादी माझ्या वहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि कायदा नसता तरी कोणत्या मुलाचं किती चुकलं याची नोंद नावानिशी बाहेर कुठे साठावी असं मला वाटलं नसतं. याच कारणाने वर्गात पडद्यावरही मी कोणाचं उत्तर दाखवत नाही, नुसती एकूण संख्या. चूक उघड्यावर येत नाही असा भरवसा बसला तेव्हाच मुलं खरं उत्तर देऊ लागली.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे आणि ती कोणतंही ॲप करून देत नाही. चार पर्यायांतले तीन चुकीचे पर्याय मुलांच्या मनात खरोखर असलेले हवेत. त्यासाठी मी जुन्या उत्तरपत्रिका चाळते, मधल्या सुट्टीत मुलांशी बोलते, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकारी ताईंना विचारते. एक चांगला प्रश्न जमायला कधी आठवडा जातो.

उणीव एक मोठी आहे. बोर्डाच्या परीक्षेत मुलांना कारणं लिहायची असतात आणि कार्ड धरून लिहायला येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर मी वहीत तीन ओळी लिहून घेते: मी आधी काय उत्तर दिलं, ते का बदललं किंवा का बदललं नाही. आळस करतात, पण त्या तीन ओळी वाचल्यावरच मला पुढच्या तासाची दिशा कळते.

येत्या जूनमध्ये प्रकाशाच्या धड्यापासून सुरुवात करायची आहे. प्रश्न तयार आहे: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावरच्या मेणबत्तीच्या प्रतिमेचं काय होईल? अर्धी प्रतिमा नाहीशी होईल असं बहुसंख्य मुलं म्हणतील असा माझा अंदाज आहे. कार्डं, मग शेजाऱ्याशी वाद, मग फेटमध्ये भिंगातून जाणारे किरण, आणि शेवटी खरी मेणबत्ती, खरं भिंग आणि काळा कागद: प्रतिमा पूर्ण, फक्त फिकी. भिंगं प्रयोगशाळेच्या कपाटातून काढून पुसून ठेवली आहेत.