पाच तारखेला मोबाईल वाजायचा

हे लिहू का नको करत दोन महिने गेले, कारण यात माझी पण अब्रू जाते. पण परवा गल्लीतल्या एका पोरानं विचारलं, "अण्णा, महिन्याला आठ टक्के देतात म्हणे, खरं असतंय काय ओ?" म्हणून बसलोय लिहायला.

मी बेळगावातल्या वडगावचा, उद्यमबागेत लेथवर काम करतो. २०२३ च्या गणपतीच्या आधी दाजी घरी आले. दाजी म्हणजे सख्ख्या बहिणीचे मालक, त्यांना नाही म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. एक कंपनी आहे, हेड ऑफिस कोल्हापूरला, सोन्याच्या ट्रेडिंगमध्ये पैसे लावते, लाखाला महिन्याला दहा हजार, पाच तारखेला खात्यावर. स्वतः दाजींना चार महिने मिळाले होते, पासबुक घेऊनच आले होते. मी भिशीचे एक लाख दिले.

पाच तारखेला टिंग. दहा हजार जमा. पुढच्या महिन्यात परत टिंग, त्याच्या पुढच्या महिन्यात पण. मशीनवर असलो तरी पाच तारखेला मोबाईल वरच्या खिशात ठेवायचो मी.

मी त्या टिंगलाच फसलो. लोक म्हणतात लोभ सुटला, सुटलाच की, नाही कोण म्हणतंय, पण पहिल्या महिन्यातच बुडवलं असतं तर एक लाखावर भागलं असतं. त्यांनी वेळेवर दिले म्हणून मी आणखी दिले. आणि दिले ते कुठले? माझेच. लाखातले दहा हजार मला परत, वर मी खूश. साधा हिशोब बघा, शंभर लोकांचे एकेक लाख म्हणजे एक कोटी, महिन्याला दहा लाख वाटले तर नवीन माणूस आला नाही की दहा महिन्यांत डबा रिकामा, आणि त्यात एजंटांचं कमिशन, ऑफिसचा एसी, मालकाची गाडी धरलीच नाही. १९२० मध्ये अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पाँझी नावाच्या माणसानं ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून हेच केलं होतं, तो पोस्टाच्या कुपनाचं नाव सांगायचा, आमचे सोन्याचं सांगायचे. मी रोज मायक्रोमीटर लावून माप घेणारा माणूस, आणि हा हिशोब मला पैसे बुडाल्यावर सुचला.

दिवाळीत एका हॉटेलच्या हॉलात मीटिंग. स्टेजवर एकाला बुलेटची चावी दिली, टाळ्या, जाताना प्रत्येकाच्या हातात पाव किलो कुंदा. भिंतीवर फ्रेम करून जीएसटीचं सर्टिफिकेट आणि कंपनी नोंदणीचं सर्टिफिकेट. मला वाटलं सरकारमान्य आहे. आता कळतंय की ती दोन्ही कागदं कुणालाही मिळतात, त्यावरनं लोकांकडनं ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. ती परवानगी रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अशांच्या नोंदीत दिसायला पाहिजे, आणि रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल आहे तिथं बघता येतंय, तक्रार पण करता येतीय. पाच मिनिटाचं काम, पण हॉलमध्ये सगळी आपलीच माणसं, कुणी बघायचं?

बायकोचं सोनं सोसायटीत ठेवून आणि पीएफ उचलून आणखी तीन लाख घातले. आणि मग जे केलं ते लिहायला हात उचलत नाही. आमची आत्या खानापूरकडे असते, पोरीच्या लग्नाला दोन लाख साठवलेले. तिला मी नेलं. माझा शब्द म्हणून तिनं काही विचारलं पण नाही, फक्त "तू घातलायस न्हवं?" एवढंच. त्यावर मला दोन टक्के म्हणजे ४,००० कमिशन मिळालं, त्याचे मी बूट घेतले. बूट अजून आहेत, घालवत नाहीत.

डिसेंबर, जानेवारी टिंग झालं. फेब्रुवारीच्या पाचला नाही. सर्व्हर प्रॉब्लेम म्हणाले. मग ऑडिट चाललंय. मग ग्रुपवर मेसेज, की जे आता नवीन भरतील त्यांचं पेमेंट आधी सुटणार. आणि त्यावर पण काहींनी भरले ओ! मार्चमध्ये ऑफिसला कुलूप, ग्रुपमध्ये फक्त आमीच, एकमेकाला शिव्या द्यायला.

माझे गेले चार लाख, आले एक लाख दहा हजार. आत्याचे दोन लाख, आले चाळीस हजार.

मग सीमाभागातली खास गंमत. इकडच्या ठाण्यात म्हणाले हेड ऑफिस तिकडं, तिकडं जावा. तिकडं म्हणाले पैसे बेळगावात दिले न्हवं, मग तिथंच द्या. इकडं तक्रार कन्नडात पाहिजे म्हणून कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडनं लिहून घेतली, तिकडं नेली तर ती कुणाला वाचता येईना. वकील म्हणाले आता १ जुलै २०२४ पासनं नवीन कायदा आलाय, गुन्हा कुठल्या पण हद्दीत घडलेला असू दे, ठाण्यानं लिहून घ्यायचा असतोय. ते ठासून सांगितल्यावर घेतली. ऑनलाईन कुणी पैसे काढून घेतले तर १९३० या सायबर हेल्पलाईनच्या नंबरला लगेच फोन लावायचा, पण आम्ही तर सहा महिने हसत हसत दिले होते.

वकिलांनी पैसे भरताना कंपनीनं करून दिलेला स्टॅम्प पेपर मागितला. शंभराचा पेपर, सगळं इंग्रजीत, मी त्यात फक्त चार लाखाचा आकडा आणि सही बघितलेली. त्यांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, तुम्ही ठेव ठेवलेली नाही, धंद्यात भांडवल घातलंय, नफ्यातोट्याला तुम्ही जबाबदार असं लिहिलंय." असं लिहून ठेव लपवायची युक्ती जुनी आहे म्हणे, २०१९ च्या केंद्राच्या ठेवींच्या कायद्यात आणि कर्नाटकच्या २००४ च्या कायद्यात त्याला धरता येतंय, पण वेळ लागतो. वर सिक्युरिटी म्हणून दिलेला चेक, तोही परत आला, खातं बंद. चेक परतल्याचं कळल्यापासनं तीस दिवसांत नोटीस द्यावी लागतीय, तेवढी वेळेत गेली. जाता जाता त्यांनी हे पण सांगितलं की खोटं सांगून भरायला लावणाऱ्यालाही शिक्षा आहे, ते जाणूनबुजून केलंय का नाही एवढंच बघतात. मी बुटाकडं बघत बसलो.

दाजींचं आणि माझं बोलणं बंद आहे. त्यांचेही सहा लाख गेलेत, त्यांना पण कुणीतरी पाहुण्यानंच नेलेलं. आत्याला मी महिन्याला तीन हजार पाठवतो. पगार चारला होतो म्हणून तारीख पाचच पडलीय, काय करणार.

आणि गेल्या आठवड्यात फोन आला. गोड मराठी, माझं नाव, भरलेली रक्कम, सगळं पाठ. "सर, तुमचे पैसे कोर्टातनं सुटलेत, फक्त पाच हजार प्रोसेसिंग फी भरा, दोन दिवसांत जमा होतील." म्हणजे आमची यादी पण विकली बघा कुणीतरी. मी म्हटलं, साहेब, त्या सुटलेल्या पैशातनंच कापून घ्या की तुमची फी.

कट केला त्यानं.