एनडीए की अग्निवीर वायू? सातारा-सांगलीच्या बारावीवाल्यांसाठी

आपल्याकडे ‘पोरगं भरती झालं’ म्हटलं की डोळ्यांपुढे लष्करच येतं. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी साताऱ्याचंच. त्यामुळे हवाई दलाचा फॉर्म भरतानाही घरात हिशोब लष्कराचाच मांडतात आणि तिथेच घोटाळा होतो. लष्करात जवान आघाडीवर असतो. हवाई दलात लढाऊ विमान घेऊन जातो तो अधिकारी. ते उडण्याजोगं ठेवणारा, रडार आणि संदेशयंत्रणा सांभाळणारा तो वायुसैनिक. अग्निवीर वायू ही या वायुसैनिकांचीच भरती, म्हणून पायलट व्हायचंय तर तिचा फॉर्म भरू नका; त्यासाठी अधिकारी घडवणारी एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे.

याचा अर्थ वायुसैनिकाचं काम दुय्यम असा नाही. १ एप्रिल १९३३ ला कराचीत हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा चार वापिटी विमानं होती आणि त्यांच्या दिमतीला १९ हवाई सिपाही, म्हणजे तेव्हाचे वायुसैनिक. त्यांतले हरजिंदर सिंग इंजिनिअरिंग शिकलेले. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले, विमानांची देखभाल पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. मिरज-कराडला पॉलिटेक्निक करणाऱ्या, इंजिनाला हात लावल्याशिवाय चैन न पडणाऱ्या मुलाला हेच काम जास्त भावेल.

अडचण आहे ती मुदतीची. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. विमानाचं तंत्र हातात बसायला वेळ लागतो. हात बसेपर्यंत बहुतेकांची मुदत संपत आलेली असते, असं माझं मत. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, पण हातात २१ हजार. कापलेले पैसे आणि सरकारची तेवढीच भर मिळून शेवटी दहा लाखांच्या आसपास आणि वर व्याज, असा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही. चार वर्षं लग्नही करता येत नाही, हे काही आयांना पहिल्यांदा ऐकताना जड जातं. ट्रेनिंग मात्र जवळच, बेळगावच्या सांबऱ्याला.

एनडीएची गोष्ट वेगळी. युपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते: लेखी ९०० गुणांची, एसएसबी (अधिकारी निवड मंडळ) मुलाखतही ९०० चीच. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हवाई दल अकादमी. फ्लाइंगसाठी कॉम्प्युटरवरची वेगळी चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकलेले प्रदीप वसंत नाईक या वाटेने २००९ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. मुलींनाही आता हा दरवाजा खुला आहे.

मग आधी काय? एनडीएची वयोमर्यादा साडेएकोणीसला संपते, अग्निवीरची एकविसाला. म्हणजे बारावीला गणित-भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र असेल तर एनडीएचे सगळे प्रयत्न आधी करा; अग्निवीरला नंतरही वेळ उरतो. घरात पगाराची निकड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दोन्ही फॉर्म एकदमच भरा.

दोन्हीकडे जमलं नाही तर पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलात अधिकारी होण्याची परीक्षा, आहे. त्यात फ्लाइंगला २४ वर्षांपर्यंत आणि ग्राउंड ड्युटीला (विमान न उडवणारी अधिकारीपदं) २६ पर्यंत बसता येतं. अग्निवीर झालात तरी पदवीचा अभ्यास सोडू नका. चार वर्षांनी बाहेर पडल्यावर निदान ग्राउंड ड्युटीचं वय बहुतेकांच्या हातात उरलेलं असतं.