मोठी संख्या फोडायची: भाग देत जायचं की ऱ्हो?

विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ऑयलरचा फाय (संख्येहून लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या) किती, यातलं काहीही काढायचं तर आधी संख्येचे मूळ अवयव हवेत. १२-१४ अंकांपर्यंत कसेही पाडा. त्यापुढे मात्र २, ३, ५ करत भाग देत जायचं की पोलार्डची १९७५ सालची ऱ्हो पद्धत घ्यायची, हे ठरवावं लागतं.

भाग देत जाण्यात एक सुख आहे: जो अवयव सापडतो तो मूळच असतो, कारण त्याहून लहान सगळे आधीच तपासून झालेले. संख्येची ठेवण माहीत असेल तर कामही पुष्कळ वाचतं. २^६७ − १ चा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, त्यामुळे १९,३७,०७,७२१ हा अवयव साडेचौदा लाख भागाकारांच्या आत सापडतो.

पण अशी ठेवण नसली की संपलं. माझ्याकडे एक २४ अंकी संख्या होती. ती संयुक्त आहे हे मिलर-राबिन चाचणीने (अवयव न काढता संख्या मूळ की संयुक्त ते ही सांगते) क्षणात सांगितलं. फुटते कशाने, ते मात्र सांगेना. भागाकार रात्री लावून झोपलो. सकाळी पाहतो तर स्क्रीन तसाच गप्प. अवयव पुढच्या मिनिटाला मिळेल की परवा, काहीच अंदाज नाही. फुटते हे माहीत असूनही हातावर हात ठेवून बसायचं, हे मला फार जड गेलं. तीच संख्या ऱ्होने काही सेकंदांत फोडली. दोन्ही अवयव १२ अंकी निघाले.

कारण साधं आहे. ऱ्होला लागणाऱ्या पायऱ्या साधारण लहान अवयवाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे इथे दहा लाखांच्या आसपास. भागाकाराला, नुसते विषम घेतले तरी, हजारो कोटी.

ऱ्होही गुणाची पुतळी नाही. २५ घ्या. २ पासून निघून दर वेळी वर्गात १ मिळवा आणि २५ ने भागून बाकी ठेवा: २, ५, १, पुन्हा २. ऱ्हो या ओळीतल्या दोन-दोन संख्यांच्या फरकाचा २५ शी मसावि काढत जाते. तो शेवटी २५च येतो, हाती काही नाही. १ ऐवजी २ मिळवले की लगेच ५ सापडतो. मूळ संख्या दिली तर बिचारी उगाच फिरत राहते, आणि मिळालेला अवयव मूळच असेल असंही नाही. म्हणून मिलर-राबिन जोडीला हवीच. २४ अंकांपर्यंत पहिल्या १३ मूळ संख्या आधार म्हणून (म्हणजे चाचणी ज्यांच्यावर चालवायची त्या संख्या) घेतल्या की तिचा निकाल पक्का.

तुमच्या संख्या लहान किंवा विशिष्ट रूपाच्या असतील तर भागाकार वाईट नाही, कदाचित तोच बरा. मी स्वतः दहा हजारांपर्यंत भाग देऊन बघतो, उरलेलं ऱ्होकडे. दोन्ही अवयव ३०-३० अंकी निघाले तर मात्र तिचाही दम संपतो. तिथे इलिप्टिक कर्व्हची पद्धत काढावी लागते.