बंद रेल्वेमार्ग की नदीकाठ?

पादचारी, सायकलस्वार आणि चाकाची खुर्ची वापरणारे अशा सर्वांसाठी अनेक गावे जोडणारे मार्गांचे जाळे आखताना, त्याचा कणा म्हणून बहुधा दोन पर्याय पुढे येतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही, भराव आणि पूल तयार असतात, आणि पट्टा सलग एकाच मालकीचा असला तर दारोदार वाटाघाटी कराव्या लागत नाहीत; अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या एलरॉय-स्पार्टा मार्गाला तर तीन जुने बोगदेही आयते मिळाले. मात्र रूळ उखडल्यावर उरलेल्या खडीवर बारीक चुरी दाबून बसवावी लागते, आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांतील क्रिओसोटने (लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेल्या डांबरी तेलाने) माती दूषित झाली आहे का, हे आधी तपासावे लागते. अंदाजपत्रकात नेमका हाच खर्च राहून जातो.

नदीकाठ अधिक रमणीय, यात वाद नाही. पण पूररेषा, खचणारा काठ, प्रत्येक ओढ्यावर नवा पूल आणि तुकड्यातुकड्यांची मालकी हे सारे तिथे एकदम अंगावर येते. म्हणून कणा रेल्वेमार्गाचाच असावा, असे माझे मत आहे. नदीकाठ जमेल तिथे उपमार्ग म्हणून जोडावा, आणि पुलाखालून जाणाऱ्या भागासाठी पुरात बंद करता येणारे फाटक व वरून जाणारी पर्यायी वाट आराखड्यातच दाखवावी.