साधं डॉट ४ का रेसिंगचं डॉट ४? ब्रेक ऑइलचा हिशेब

भावांनो, ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर पॅडच्या आधी ऑइल बघा. साधं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो, आणि आपल्या कोल्हापूरचा पावसाळा तर तुम्हाला माहितेय. मी दोन पावसाळे जुनं ऑइल तसंच ठेवून कोइमतूरच्या करी स्पीडवेवर गेलो, चौथ्या लॅपला ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले आणि पेडल लोण्यात पाय घातल्यागत खाली गेलं, जीव घशात! घरी येऊन ब्लीड केलं, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढलं, तर काळपट चहा निघाला.

रेसिंगचं ऑइल ३०० च्या पुढं टिकतं, पण महाग, आणि वारंवार बदलावं लागतं.

रोज शिरोली एमआयडीसी आणि वर्षातनं एखादा ट्रॅक डे असेल तर साधंच, फक्त जायच्या आधी ताजं भरा. महिन्याला ट्रॅक असेल तर मात्र रेसिंगचंच घ्या राव. आणि डॉट ५ चुकूनबी नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही.